बरणीतली खाडी

लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी नवीन बाई बसली की हमखास विचारते, "तुम्ही काय करता?" मी सांगते, कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. "अगंबाई, म्हणजे रक्त-लघवी तपासता?" नाही हो, मी खाडीचा चिखल तपासते. एवढं ऐकलं की ती बाई आपलं ताट हळूच पलीकडे सरकवते. पूर्वी मला राग यायचा, आता मीच जरा मोकळी बसते.

पण एक सांगते, चिखलात काम करणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. भरती-ओहोटी काही आपलं टाइमटेबल बघून येत नाही. रोज काहीतरी बिनसतं, आणि बिनसलं की त्याचा किस्सा होतो. ज्यांचं सगळं वेळेवर आणि कोरड्या जमिनीवर पार पडतं, त्यांच्याकडे सांगण्यासारखं काय असणार? आमच्या लॅबचे किस्से मी डबा खाताना, ट्रेनिंगला, माहेरी माणगावला, कुठे कुठे सांगितलेत. लोक पोट धरून हसतात. शेवटचा मात्र मी सहसा सांगत नाही. तो सांगताना माझा आवाज नीट राहत नाही.

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. चौलच्या पुढे, रेवदंड्याच्या खाडीपासून जवळच आमचं छोटं कॉलेज. लॅबमध्ये आम्ही चौघं. हेड घरत सर, उरणकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले; लग्न केलं नाही, सगळा जीव कांदळवनाच्या चिखलात. शबनम, मुरूडची, सरांकडे पीएचडी करते. हिच्याइतकी काटेकोर मुलगी मी पाहिली नाही. मोकल, आमचे लॅब असिस्टंट, पेणचे. आणि मी, जिची जीभ जरा तिखट आहे असं बाकीचे तिघं म्हणतात.

*

एकदा मुरूडच्या बाजूचा चिखल घेऊन सर आणि मी एसटीने येत होतो. कॉलेजला गाडी नाही, चिखलाला एसटीच. थर्माकोलचा डबा सरांच्या मांडीवर. आता खाडीच्या तळाच्या चिखलात हवा पोचत नाही. तिथले जिवाणू हवेऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या गंधकावर दम काढतात, आणि त्यातून जो वायू निघतो त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. काशिदचा घाट चढेपर्यंत डब्याचं झाकण थोडं सरकलं.

पुढच्या सीटवर एक काका अंड्यांचे ट्रे घेऊन बसले होते. सगळी बस त्यांच्यावर तुटून पडली. ते बिचारे शपथा घेत होते की माल सकाळचाच आहे. शेवटी सरांना राहवलं नाही. उठून म्हणाले, वास माझ्या डब्याचा आहे, त्यांना काही बोलू नका.

कंडक्टर म्हणाला, मग डबा टपावर टाका. सर म्हणाले, टपावर ऊन आहे, टाकणार नाही. कंडक्टर म्हणाला, ऊन लागलं तर काय होईल?

सर अगदी शांतपणे म्हणाले, "आतले मरतील."

बसने ‘आतले’ म्हणजे आपण असं धरलं. सरांच्या मांडीवर डबा, डब्याला दोरी, आणि तो वास. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली ती घेतलीच. पुढचा अर्धा तास मी रस्त्याच्या कडेला उभी राहून लोकांना जिवाणू म्हणजे काय ते समजावत होते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लक्षपूर्वक ऐकलं गेलेलं लेक्चर तेच.

*

शबनमचा पहिला दिवस. सरांची पद्धत अशी की नवीन विद्यार्थ्याला आधी पुस्तक द्यायचं नाही, खाडीत उतरवायचं. कांदळवनातल्या तिवराच्या झाडांमधून चालताना पाय कुठे ठेवायचा ते कळायला वेळ लागतो. मुळांवरून चाललं तर ठीक, मोकळ्या जागी पाऊल पडलं की संपलं. शबनम मोकळ्या जागी उतरली आणि मांड्यांपर्यंत आत गेली.

तिला वाटलं, आता सर हात देतील. सर जवळ आले, वाकले आणि म्हणाले, "खालून वास कसा येतोय?"

ती रडकुंडीला आली होती, पण तोंड गप्प नव्हतं. "सर, आधी मला काढा, मग सांगते!"

"काढल्यावर वास बदलेल," सर म्हणाले. "हवा शिरेल ना आत."

तिने तिथेच, रुतलेल्या अवस्थेत, वास सांगितला. वरून मातीचा, मग शेवाळाचा, खाली अंड्याचा. सरांनी मान डोलावली आणि मग मोकलांनी तिला काखेत धरून ओढून काढलं. सँडल आत राहिली ती राहिलीच. त्या दिवशी सर मला म्हणाले, ही टिकणार. मी म्हटलं, उद्या आली तर टिकली म्हणा. दुसऱ्या दिवशी ती गमबूट घालून माझ्याआधी हजर होती.

*

एका गावात कांदळवनातून रस्ता न्यायचा घाट घातला होता. ग्रामसभेत सरांना बोलावलं. सर सांगत होते, तिवराचं पान पडतं, चिखलातले जिवाणू ते कुजवतात, त्यातलं खत झाडाला परत देतात, हवेतला नत्र मुळांपाशी आणून ठेवतात, मेलेलं सगळं तळाशी गाडून ठेवतात. सभा जांभया देत होती. मी मागे बसून मनात म्हणत होते, सर, आवरा.

तेवढ्यात एक तगडा माणूस उठला. त्याचं म्हणणं, डोळ्यांना दिसत नाहीत अशा जंतूंसाठी आम्ही रस्ता सोडायचा का? टाळ्या पडल्या.

सर चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, काल तुमच्याकडे जेवायला काय होतं?

"कोलंबीचं कालवण."

"आणि ती कोलंबी कुठे जेवली?"

कुजलेल्या पानावर जिवाणूंची बुळबुळीत साय धरते, कोलंबीची पिल्लं ती खाऊन वाढतात, हे सरांनी सांगितलं. मागून त्याचीच बायको म्हणाली, "म्हंजे आपन त्यांच्याच घरचं खातो व्हय." सभा हसली, जांभया थांबल्या.

रस्ता झालाच. खोटं कशाला सांगू? पण भराव पूर्ण न घालता खालून मोठे पाइप टाकले, भरतीचं पाणी आत-बाहेर जातं. तिवरं जगली. सर त्या रस्त्याने जाताना अजून गाडीतून वाकून पाइप तुंबलेत का बघतात.

*

आता बरण्यांचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या लॅबच्या उत्तरेच्या खिडकीत काचेच्या बरण्यांची रांग आहे. प्रत्येक बरणीत एकेका खाडीचा चिखल आणि वर खारं पाणी. उजेडात ठेवून दिल्या की काही महिन्यांनी काचेतून थर दिसायला लागतात. तळाला काळा, त्याच्यावर हिरवा, मग जांभळा, वर तपकिरी. प्रत्येक रंग म्हणजे जिवाणूंची एकेक वस्ती. खालच्यांनी टाकलेल्या वायूवर वरचे जगतात, वरच्यांनी टाकलेल्यावर खालचे. बाहेरून खायला काही घालावं लागत नाही. तेवढं पाणी बघायचं, आटलं की घालायचं.

कॉलेजकडे बरण्यांना पैसे नव्हते, म्हणून आम्ही घरून आणल्या. मी सासूबाईंची लोणच्याची बरणी त्यांना न विचारता नेली. कळल्यावर घरात काय झालं ते सांगत नाही. "माझ्या आईने दिलेली बरणी, त्यात घाण भरलीस?" हे वाक्य मी वर्षभर ऐकलं.

मग एकदा कॉलेजच्या कार्यक्रमाला त्या आल्या, आणि मी धीर करून त्यांना खिडकीपाशी नेलं. सकाळचं ऊन बरणीवर होतं. जांभळा पट्टा नुसता पेटला होता. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता बरणी परत मागतात.

"माझ्या लोणच्याला असला रंग कधी आला नाही," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात एक शब्द निघाला नाही.

*

त्या रांगेत सगळ्यात शेवटची, जाड काचेची बरणी सरांची. तिला कुणी हात लावायचा नाही.

सरांचं गाव न्हावा शेव्याच्या बाजूला. घरतांची पिढ्यान् पिढ्यांची मिठागरं, आणि घरांच्या मागे तिवरांनी भरलेली छोटी खाडी. सरांचे आई-वडील मिठागराची भुई पायांनी तुडवून घट्ट करायचे, तेव्हा हे बांधावर बसून अभ्यास करायचे. पुढे बंदर आलं, मग कंटेनरची यार्डं आली, एकेक करून मिठागरं गेली. शेवटी खाडीवरही भराव पडायला लागला. वडील तोवर गेले होते. आई, भाऊ पनवेलला फ्लॅटमध्ये गेले.

भराव पडतोय हे कळल्यावर सर बादली आणि ही बरणी घेऊन गावी गेले. डंपरांची रांग लागलेली. पहिल्याच डंपरवर यांचा चुलत पुतण्या. मिठागर गेल्यावर गावातली निम्मी पोरं ट्रकवरच गेली, तो तरी काय करणार? काकाला चिखलात उतरताना बघून त्याने इंजिन बंद केलं. मागच्यांचे हॉर्न सुरू झाले, तरी केलं.

सर चिखल भरून वर आले. चढताना त्यांचा पाय सरकला तेव्हा पुतण्या केबिनमधून उडी टाकून खाली आला. त्याने काकाला नाही, बरणीला हात लावला.

"नीट धरा काका," तो म्हणाला, "आमच्या पडवीच्या मागचा हाय तो."

मग त्याने डंपर मागे घेतला आणि ट्रॉली वर केली. सर तिथे थांबून सगळं बघत होते. हे मला सरांनी एकदाच सांगितलं आणि मी पुन्हा विचारलं नाही.

*

सरांची आई दर रविवारी फोन करायची. सर रविवारीही लॅबमध्येच असतात हे तिला माहीत. मोकल तेव्हा नवीन बदलून आले होते. ते फरशी पुसता पुसता ऐकायचे: "हो आय, बरी आहे... आज जरा जांभळी पडलीय... नाही गं, चांगलंच आहे ते... ऊन दाखवतो ना रोज."

मोकलांचा जीव कळवळला. सरांची मुलगी आजारी आहे आणि हा माणूस कुणाला बोलतही नाही! एका गुरुवारी ते चौलच्या दत्ताच्या डोंगरावर जाऊन आले, अंगारा आणला, आणि सरांच्या हातात पुडी ठेवली. म्हणाले, "सर, बाळाला लावा. गुण येईल."

मी बाजूलाच होते. मला हसू आवरेना, पण सर हसले नाहीत. त्यांनी पुडी उघडली, चिमूटभर अंगारा बोटावर घेतला आणि बरणीच्या काचेला लावला. मोकलांना मग हळूहळू सगळं कळलं. ते खजील होतील असं मला वाटलं होतं. उलट तेव्हापासून दर रविवारी तेच सरांना आठवण करायचे, "फोन आला का? सांगा, आज छान हाय ती."

म्हातारीला ती बरणी बघायची होती. ऐंशीच्या पुढची, गुडघे गेलेले, पनवेलहून इथवर गाडीत बसायचं म्हणजे अंगावर काटा. पण तिचं एकच, एकदा मला तिला बघू दे. सरांनी शब्द दिला होता, दिवाळीनंतर घेऊन येतो. मला वाटतं सर त्या एका दिवसासाठी ती बरणी जपत होते.

*

आणि दिवाळीच्या आधी पत्र आलं, की सुट्टीनंतर तपासणीला समिती येणार.

अशा वेळी कॉलेजला काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू. प्राचार्य लॅबमध्ये येऊन गेले, जुनं कल्चर, म्हणजे वाढवून ठेवलेले जिवाणू, काहीही दिसता कामा नये म्हणाले. सर आणि मी दुसऱ्या दिवशी अलिबागला मीटिंगला होतो. लॅब शबनमच्या ताब्यात.

आमच्याकडे एक पक्का नियम आहे. जिवंत काहीही लॅबच्या बाहेर फेकायचं नाही, आधी मारायचं. त्यासाठी ऑटोक्लेव्ह असतो, म्हणजे आपला मोठा प्रेशर कुकरच. वाफेच्या दाबाखाली ठेवलं की आतलं सगळं मरतं, मग खुशाल टाका. दुसरी एखादी आळशी मुलगी असती तर तिने बरण्या कपाटामागे लपवल्या असत्या. शबनम आळशी नव्हती. तिने खिडकीतल्या निवडक बरण्या आत कपाटात ठेवायला मोकलांना सांगितल्या आणि टाकायच्या बरण्या ऑटोक्लेव्हला लावल्या. घाईत दोन रांगा शेजारी शेजारी ठेवलेल्या. सरांची बरणी चुकीच्या रांगेत गेली.

संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा ती टेबलावर होती. काच तडकलीसुद्धा नव्हती. जांभळा पट्टा नाही, हिरवा नाही, सगळं मिळून एक राखाडी लगदा. लॅबभर भाजी उकडल्यासारखा वास. शबनम भिंतीला टेकून उभी होती.

माझा तोल गेला. मी तिला काय काय बोलले ते सांगत नाही. सरांनी मला हाताने थांबवलं. त्यांनी बरणीवर तळवा ठेवला. अजून कोमट होती.

"नियमाप्रमाणे केलंस," ते तिला म्हणाले, आणि घरी गेले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शबनमने डबा खायचा बंद केला. रोज सकाळी ती बरणीच्या तोंडाशी तपासणीचा कागद टांगायची. चिखलात एक जरी जिवाणू दम काढत असेल तर त्या वायूने कागद काळपट होतो. कागद पांढरा राहायचा. महिनाभर तिने तो टांगला, मग मीच एक दिवस तिच्या हातातून कागद काढून घेतला.

*

आता प्रश्न म्हातारीचा. ती निघायच्या तयारीत होती. सरांनी तिला काही सांगितलं नव्हतं.

मोकलांनी आपला मार्ग काढला. एका सकाळी सरांच्या बरणीच्या जागी तशीच एक बरणी चमकत होती, रेवदंड्याच्या चिखलाची, चांगली जुनी, रंगांनी भरलेली. ते मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, आजींना काय कळतंय मॅडम, चिखल तो चिखल. त्यांचे डोळे पाणावलेले होते म्हणून मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. शबनमलाही.

सर आले, त्यांनी ती बरणी बघितली आणि उचलून रांगेत परत तिच्या मूळ जागी ठेवली. मग आपली राखाडी बरणी आणून खिडकीत ठेवली.

मी म्हटलं, सर, म्हातारं माणूस आहे, एवढ्या लांबून येणार. रिकाम्या डोळ्यांनी जाईल हो.

"ती मला विचारेल, हीच का आपली," सर म्हणाले. "मी हो कसं म्हणू?"

*

धाकट्या मुलाच्या गाडीतून आजी आल्या. मोकलांनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरून आणलं. बारीकशा, नऊवारीतल्या, हातात चांदीची एक झिजलेली अंगठी, बाकी काही नाही. आम्ही खुर्ची खिडकीपाशी लावली होती. सरांनी बरणी त्यांच्या मांडीवर दिली.

आजींनी झाकण काढलं आणि नाक लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. वरचं पाणी आटत चाललं होतं, कारण आता ते बघायचं काही कारणच उरलं नव्हतं.

"वास न्हाय," त्या म्हणाल्या.

सर म्हणाले, "नाही आय."

शबनम दाराशी उभी होती. मी तिला बजावलं होतं की तू गप्प राहा. ती ऐकते कुठे? पुढे येऊन आजींच्या पायापाशी बसली आणि सांगून टाकलं, आजी, माझ्या हातून मेली ती, मी उकळली. आणि रडायला लागली. इतक्या दिवसांचं सगळं तेव्हा बाहेर आलं.

आजींनी तिच्याकडे बघितलं. राग नव्हता, पण लाडही नव्हता.

"पोरी, खाडी एका मानसाच्यानं मरत न्हाय," त्या म्हणाल्या. "मी बघलीय मरताना. लय मानसं लागतात त्याला."

धाकटा मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला.

मग आजींनी बोटातली अंगठी काढायला घेतली. निघेना, तेव्हा तोंडात घालून ओली केली आणि काढली. रिकाम्या हाताने तिच्याकडे कशी येऊ, असं काहीसं पुटपुटल्या. बरणीच्या आत, काचेच्या कडेने, त्यांनी ती अंगठी बोटाने चिखलात खोल दाबली.

माझ्या तोंडाशी आलं होतं, आजी, चांदी नका घालू, काळी पडेल. आमच्या लॅबमध्ये चांदी कुणी घालत नाही, चिखलातल्या जिवाणूंच्या वायूने ती काळीठिक्कर होते. मग माझ्या लक्षात आलं की या चिखलात आता काहीच काळं पडणार नाही. काचेतून अंगठीची कड दिसत होती, स्वच्छ पांढरी.

आजींनी झाकण ठेवलं, चहा घेतला, मोकलांनी आणलेला शिरा थोडा खाल्ला आणि गेल्या.

बरणी खिडकीतच राहिली. समिती येऊन गेली, परीक्षा झाल्या. तिच्याकडे बघायचं आम्ही सगळेच टाळत होतो. फक्त मोकल इतर बरण्यांबरोबर तिचीही काच पुसायचे.

त्यांनीच एका सकाळी हाक मारली. हाक अशी होती की हातातली पेट्री डिश टाकून मी धावले. शबनम माझ्या मागे. मोकल बरणीकडे बोट दाखवत होते.

अंगठी काळी झाली होती. काळीकुट्ट. तिच्याभोवती, चिखलाच्या अगदी पोटात, राखाडीमध्ये एक काळा डाग धरला होता.

शबनम नमुना घ्यायची नळी घेऊन आली. सर दारातून आत येत होते. त्यांनी बघितलं, चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि शबनमच्या हातातली नळी काढून घेतली. "नको," म्हणाले. हे कसं झालं असेल याची कारणं तिच्याकडे होती, माझ्याकडेही होती. कुणीच ती बोललं नाही.

सरांनी खिशातून फोन काढला. शबनमच्या हातात दिला, तिने नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आय," सर म्हणाले, "तुझी अंगठी काळी झाली."

पलीकडे लांबवर टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"मग उभा काय ऱ्हायलास?" म्हातारी म्हणाली. "तिला आधी पानी दे. कवाची तहानली असंल."